सरहद्दीवरचा किल्ला पाहताना

दिवाळीची सुट्टी संपली की शाळेत सहलीची चर्चा सुरू होते. कोणी म्हणतो, शेगावला जाऊ. कोणी म्हणतो, लोणारचे सरोवर पाहू. अलीकडे पाण्याच्या घसरगुंड्या असलेल्या बागांकडेही पुष्कळ सहली जातात. तिथे मौज येते, हे मला मान्य आहे. पण तुम्ही वाशीम जिल्ह्यात राहत असाल तर मी तुम्हाला वेगळे ठिकाण सुचवीन. ते म्हणजे नरनाळा किल्ला.

नरनाळा वाशीम जिल्ह्यात नाही. तो अकोला जिल्ह्यात, अकोट तालुक्यात, सातपुड्याच्या डोंगरात आहे. पण आपला जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातूनच वेगळा झाला. त्याआधी वाशीमची मुले आणि नरनाळ्याच्या पायथ्याची मुले एकाच जिल्ह्यातली होती. त्याहून जुनी गोष्ट सांगू? अकबर बादशहाच्या काळात अबुल फजलने 'आईने अकबरी' हा ग्रंथ लिहिला. त्यात वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांची यादी आहे. सरकार म्हणजे आजच्या जिल्ह्यासारखा भाग. त्या यादीत नरनाळा आहे आणि 'बासिम'ही आहे. बासिम म्हणजे आपले वाशीम. तेव्हा नरनाळा हा काही परका किल्ला नव्हे.

आता तुम्ही विचाराल, सरहद्दीवरचा किल्ला असे नाव या पाठाला का दिले? अकोटच्या उत्तरेला आज कोणतीही सरहद्द दिसत नाही. मध्य प्रदेशची हद्द आहे, पण तिथे फौज उभी नसते. सहाशे वर्षांपूर्वी मात्र तसे नव्हते. दक्षिणेत बहमनी सुलतानांचे राज्य होते आणि वऱ्हाड हा त्यांचा उत्तरेकडचा शेवटचा प्रांत होता. सातपुडा ओलांडला की पलीकडे माळव्याचे सुलतान, खेरल्याचे राजे आणि पश्चिमेला खानदेशचे फारुकी. यांपैकी कोणीही डोंगरातल्या वाटांनी खाली उतरू शकत असे. म्हणून सुलतान अहमदशहा बहमनी इ. स. १४२५ च्या सुमारास एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, मुक्काम करून राहिला. त्याने गाविलगड बांधला आणि नरनाळ्याची दुरुस्ती केली, असे फरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. दुरुस्ती केली, याचा अर्थ नरनाळा त्याच्याही आधीचा. घराच्या दाराला जशी कडी, तसे हे दोन किल्ले. दार होते सातपुडा.

तुमच्यापैकी जे कारंज्याला राहतात, त्यांना ही कल्पना चटकन समजेल. कारंज्याला दिल्ली वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस आणि दारव्हा वेस आहे. वेशीला त्या वाटेच्या गावाचे नाव. कोण कोणीकडून येते, यावर नजर ठेवण्यासाठी वेस असते. नरनाळा ही साऱ्या वऱ्हाडाची वेस होती, एवढाच फरक.

किल्ला पाहायला गेलेले बहुतेक लोक एकच प्रश्न विचारतात. हा किल्ला कोणाचा? या प्रश्नाने माझे कधी समाधान झाले नाही. नरनाळ्याच्या बाबतीत तर तो फारच तोकडा पडतो. बहमनी गेले, वऱ्हाडची इमादशाही आली. ती गेली, अहमदनगरची निजामशाही आली. १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेले. पुढे हैदराबादचा निजाम आला, नागपूरचे भोसले आले, शेवटी इंग्रज आले. आता तिथे पुरातत्त्व खात्याचा फलक आहे आणि भोवती वनखात्याचे जंगल. सांगा, किल्ला कोणाचा? यातल्या एकाचे नाव घेऊन भांडणारी माणसे मी पाहिली आहेत. ती सहसा महाकाली दरवाजापर्यंतसुद्धा चढून गेलेली नसतात.

त्या महाकाली दरवाजाविषयी जरा सविस्तर सांगतो. पायथ्याच्या शहानूर गावाहून वर चढताना आधी दुसरे दरवाजे लागतात. पण सगळ्यांत देखणा दरवाजा हाच. तो फिकट रंगाच्या वालुकाश्माचा आहे. दगडात कोरलेली कमळे आहेत, पुढे आलेले सज्जे आहेत, जाळ्या आहेत. कमानीच्या वर अरबी लिपीत लेख कोरलेला आहे. हा लेख हिजरी सन ८९२ चा, म्हणजे इ. स. १४८७ चा. त्यात बहमनी सुलतान महमूदशहाचे नाव आहे, त्याच्या पूर्वजांची नावे आहेत आणि दरवाजा बांधणाऱ्या फतहुल्ला इमाद-उल-मुल्कचे नाव आहे.

हा फतहुल्ला कोण होता? फरिश्त्याच्या सांगण्याप्रमाणे तो विजयनगरच्या राज्यातल्या एका हिंदू घराण्यातला मुलगा. लढाईत पकडला गेला, वऱ्हाडात आणला गेला, इथल्या सुभेदाराच्या पदरी वाढला. स्वतःच्या कर्तबगारीने वर चढत स्वतः वऱ्हाडचा सुभेदार झाला. १४९० मध्ये तो स्वतंत्र झाला आणि इमादशाहीचा पहिला सुलतान ठरला. म्हणजे पाहा, कानडी मुलुखात जन्मलेला मुलगा, वऱ्हाडातला डोंगर, दारावर अरबी अक्षरे आणि त्याच दाराला कमळाची फुले. आता या दरवाजावर कोणी एकट्याने हक्क सांगू लागला तर त्याला काय उत्तर द्याल?

माझे म्हणणे असे की, किल्ला कोणाचा हे विचारण्याआधी इथे कोण राहत होते आणि कसे राहत होते, हे विचारावे. राजे इथे फार थोडा काळ राहत. उन्हात, पावसात, थंडीत इथे राहत होती ती शिबंदी. महाकाली दरवाजाच्या आत पहारेकऱ्यांसाठी ओवऱ्या आणि खोल्या आहेत. लोक कमळे पाहतात, सज्जे पाहतात आणि पुढे जातात. तुम्ही त्या खोल्यांत जाऊन थोडा वेळ बसा. तिथून वाट कुठपर्यंत दिसते? वारा कोणीकडून येतो? रात्री पहाऱ्यावरचा माणूस पाठ कुठे टेकत असेल? या प्रश्नांची उत्तरे पुस्तकात शोधायची गरज नाही. ती बसल्या जागी मिळतात.

मघाशी मी शिबंदी हा शब्द वापरला. त्यावरून एक मजेची गोष्ट सांगतो. ती तुम्हाला, उर्दू माध्यमाच्या मुलांना, जास्त आवडेल. मराठी शिकताना तुम्हाला वाटते की ही भाषा अवघड आहे. पण मराठीतले किल्ल्याचे शब्द एकदा मोठ्याने म्हणून पाहा. किल्ला, बुरूज, दरवाजा, खंदक, तोफ, फौज, रसद, हौद, मोर्चा, किल्लेदार, हवालदार, सरहद्द. यांतला कोणता शब्द तुम्हाला नवा आहे? तुमच्या उर्दूत किला आहे, बुर्ज आहे, तोप आहे, हवालदार आहे. शिबंदीसुद्धा फारसीतल्या 'सिह-बंदी'वरून आली. मराठीने हे शब्द आपलेसे केले, त्यांना आपले रूप दिले. बुर्जचा बुरूज झाला, तोपची तोफ झाली. त्यांच्या शेजारी मराठीचे स्वतःचे शब्द नांदत राहिले. गड, तट, माची, टाके, दिंडी, देवडी. छत्रपती शिवाजी महाराजांच्या गडावर हवालदारही होता आणि गडाला माचीही होती. ज्या मुलाला दोन्ही भाषा येतात, तो किल्ल्यात शिरताना दोन्ही खिशांत किल्ल्या घेऊन शिरतो.

आणि महाकाली दरवाजावरचा लेख? तिथे येणाऱ्या बहुतेक पाहुण्यांना ती नुसती नक्षी वाटते. तुम्हाला मात्र ती अक्षरे ओळखीची आहेत. सगळा लेख वाचता येणार नाही, कारण भाषा जुनी आहे आणि दगडावरची अक्षरे एकमेकांत गुंफलेली असतात. पण अलिफ ओळखता येईल, लाम ओळखता येईल, कदाचित 'शाह' हा शब्द सापडेल. एखादे अक्षर सापडले तर शेजारच्या माणसाला दाखवा. त्यालाही आनंद होईल.

आता पाण्याकडे वळू. कारण किल्ल्याचा जीव तोफेत नसतो, पाण्यात असतो. नरनाळ्याच्या माथ्यावर नदी नाही. वर पडेल तो पाऊस, एवढेच पाणी. ते पाणी वाहून जाऊ नये म्हणून चर आणि नाले काढून तलावांत नेलेले आहे. मोठा तलाव आहे, शक्कर तलाव आहे, आणखी पुष्कळ लहानमोठी तळी आहेत. त्यांतली काही उन्हाळ्यातही आटत नाहीत. एके ठिकाणी वरून झाकलेली दगडी टाकी आहेत. त्यांना वरच्या बाजूला लहान लहान तोंडे ठेवलेली आहेत. लोक त्यांना तेलातुपाची टाकी म्हणतात. मला विचाराल तर मी ती पाण्याचीच समजेन. झाकलेल्या टाक्यातले पाणी उन्हाने कमी उडते, त्यात पाने पडत नाहीत. वेढा पडला तर तूप नसले तरी चालते, पाणी नसेल तर चार दिवसांत दार उघडावे लागते.

जाण्यापूर्वी वर्गात एक हिशेब करून पाहा. समजा, किल्ल्यावर ५०० माणसे आहेत. प्रत्येकाला पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी रोज १० लिटर पाणी लागते. आंघोळ सोडून द्या, शिपाई आहेत ते. पावसाळ्यानंतर पुढचा पावसाळा येईपर्यंत आठ महिने धरा, म्हणजे २४० दिवस. उत्तर येते १२ लाख लिटर. घोडा रोज साधारण ३० लिटर पाणी पितो. १०० घोडे असले तर आणखी ७ लाख २० हजार लिटर. एवढे पाणी डोंगराच्या टोकावर साठवून ठेवणाऱ्या माणसाचे नाव कोणत्याही दरवाजावर कोरलेले नाही. आपल्या वऱ्हाडात दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी गावे आहेत. त्या गावच्या मुलांनी तरी नऊगजी तोफेवर बसून फोटो काढण्याआधी हे तलाव पाहावेत, असे मला वाटते.

जगात इतर ठिकाणीही सरहद्दीची जुनी ठाणी जपून ठेवली आहेत. इंग्लंडच्या उत्तरेला रोमन बादशहा हेड्रियनने इ. स. १२२ पासून एक लांबलचक भिंत बांधायला घेतली. तिच्यावर आणि तिच्या आसपास शिपायांची ठाणी होती. तिथल्या थंडीत पहारा करायला कुठून कुठून माणसे आणली होती. थेट सीरियाचे तिरंदाजसुद्धा होते. तिथल्या विंडोलांडा नावाच्या ठाण्यावर १९७३ मध्ये जमिनीतून लाकडाच्या पातळ पट्ट्या सापडू लागल्या. त्यांवर शाईने लिहिलेली पत्रे होती. एका पत्रात कोणीतरी एका शिपायाला कळवले आहे की मोजे, चपला आणि आतले कपडे पाठवले आहेत. दुसऱ्या पत्रात एका अधिकाऱ्याची बायको आपल्या मैत्रिणीला वाढदिवसाला बोलावते. या पट्ट्या पाहायला लोक फार दुरून येतात. त्यांत कोणत्याही लढाईची मोठी हकिगत नसली तरी चालते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिपायाचे पाय गारठत होते, हे कळले की तो आपल्यासारखा माणूस वाटू लागतो. नरनाळ्याच्या शिपायाने घरी काय लिहिले ते आपल्याजवळ नाही. पण त्याची खोली आहे, त्याची वाट आहे, त्याचे पाणी आहे.

लढाईची गोष्ट ऐकायचीच असेल तर ती शेजारच्या गाविलगडाची ऐका. चिखलदऱ्याजवळचा हा गड नरनाळ्याचा जोडीदार. १८०३ मध्ये तो नागपूरच्या भोसल्यांकडे होता. २९ नोव्हेंबरला अडगावच्या मैदानावर भोसल्यांचा पराभव झाला. मग इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली गाविलगडाकडे वळला. दक्षिणेकडून कडा सरळ उभा. पण उत्तरेकडे गड पठाराला लागून आहे. इंग्रजांनी कित्येक दिवस डोंगरातून वाट काढत जड तोफा त्या बाजूला ओढत नेल्या आणि तट फोडला. १५ डिसेंबरला गड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लू येथे त्याने नेपोलियनला हरवले. गाविलगड पडल्यावर दोनच दिवसांनी देवगाव येथे तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा भोसल्यांचा मुलूख गेला, तो निजामाला मिळाला. नरनाळा आणि गाविलगड मात्र आणखी काही वर्षे, १८२२ पर्यंत, भोसल्यांकडेच राहिले.

पुढची गोष्ट तर तुमच्या घराजवळची आहे. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. कशासाठी? हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज होती, तिच्या खर्चासाठी. या फौजेचे एक ठाणे हिंगोलीला होते. तेव्हापासून वाशीम इंग्रजांकडे आणि हिंगोली निजामाकडे. मधली पैनगंगा ही हद्द झाली. म्हणजे ज्या सरहद्दीवर पूर्वी नरनाळ्याचे पहारेकरी डोळ्यांत तेल घालून बसत, ती सरहद्द डोंगर सोडून थेट तुमच्या शेताजवळ आली. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले आणि १९५६ मध्ये विदर्भ आणि मराठवाडा एकाच राज्यात आले. आज तुम्ही एस.टी.त बसून वाशीमहून हिंगोलीला जाता तेव्हा पैनगंगेच्या पुलावर कंडक्टर तिकीट तपासतो की नाही, एवढाच प्रश्न उरतो. सरहद्द अशी जागा बदलते. डोंगरावरचे दगड मात्र जिथल्या तिथे राहतात.

म्हणूनच त्या दगडांवर नावे कोरलेली पाहिली की माझा संताप होतो. नरनाळ्यावरच असे नाही, बहुतेक किल्ल्यांवर ही नावे दिसतात. कोळशाने, खडूने, रंगाने, कधी खिळ्याने. कोणी आपले नाव लिहितो, कोणी गावाचे, कोणी नावाभोवती बदामही काढतो. त्याला वाटत असेल, पाचशे वर्षांपूर्वी फतहुल्लाने नाव कोरले, आज मी कोरतो. पण फतहुल्लाने दरवाजा बांधला होता, बाळा! जुन्या वास्तूंच्या रक्षणाचा कायदा १९५८ मध्ये झाला. २०१० मध्ये तो आणखी कडक केला. संरक्षित वास्तूची नासधूस करणाऱ्याला आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कायद्याच्या भीतीने एखादा थांबला तरी ठीकच आहे. पण लेख वाचता येणारा मुलगा त्याच्याशेजारी रेघोट्या ओढणार नाही, असा माझा अनुभव आहे. अक्षर ओळखीचे झाले की हात आवरतो.

दुसरी एक तक्रार मोठ्या माणसांविषयी आहे. सहलीत गुरुजी फळ्यावर लिहिल्यासारखी सनावळी सांगतात, मुले ती वहीत उतरवून घेतात, आणि तोपर्यंत परत निघायची वेळ होते. सनावळी शाळेत बसून लिहावी. किल्ल्यावर चालावे, बघावे, हात लावण्याजोगे असेल तिथे हात लावावा. शेजारच्या जाफराबाद आणि तेल्यागडाकडेही नजर टाकावी, कारण नरनाळा हा एकच किल्ला नव्हे, तिघांचे कुटुंब आहे.

किल्ल्याभोवती नरनाळा अभयारण्य आहे आणि तो भाग मेळघाट व्याघ्र प्रकल्पात येतो. तेव्हा आरडाओरडा करू नका, ध्वनिक्षेपक तर मुळीच नको. शहानूरच्या नाक्यावर वनखात्याची परवानगी घ्यावी लागते आणि अंधार पडण्याआधी खाली उतरावे लागते. प्यायचे पाणी घरून न्या. तलावाचे पाणी आता वन्य प्राण्यांचे आहे. डब्याचे कागद आणि पिशव्या जशा नेल्या तशा परत आणा.

आणि हो, हिजरी सन इसवी सनात कसा बदलायचा ते शिकून जा. हिजरी वर्ष चंद्रावर चालते, ते साधारण ३५४ दिवसांचे असते, म्हणून नुसते ६२२ मिळवून भागत नाही. हिजरी सनाला ०.९७ ने गुणावे आणि मग ६२२ मिळवावेत. ८९२ घेऊन करून पाहा. उत्तर १४८७ च्या आसपास येईल. महाकाली दरवाजासमोर उभे राहून लेखातली जेवढी अक्षरे ओळखता येतील तेवढी कागदावर उतरवून घ्या. परत आल्यावर उर्दूच्या शिक्षकांना दाखवा, मग मराठीच्या शिक्षकांना दाखवा. दोन्ही भाषांत लिहून तो कागद शाळेच्या भित्तिपत्रकावर लावा. तो वाचायला मला फार आवडेल.